भावाच्या डोळ्यातली चिप आणि आईची दोन एकर बाग

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. त्यांचा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा, जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहाय्यक. कॉलेजात असताना अंधार पडला की धडपडायचा. तपासणीत रेटिनायटिस पिगमेंटोझा, म्हणजे आरपी, हा डोळ्यामागचा पडदा हळूहळू निकामी करणारा आजार निघाला. आज चष्मा लावून उजव्या डोळ्याची नजर ६/२४, डाव्याची ६/६० (निरोगी नजर ६/६, खालचा आकडा जितका मोठा तितकं कमी दिसतं). दोन्ही डोळ्यांचं दृष्टिक्षेत्र १० अंशांच्या आत आलंय. समोरचा कागद वाचतो, शेजारी उभं असलेलं माणूस दिसत नाही. ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही आणि अजून मोटरसायकलने जातो-येतो. बायको सख्ख्या मामाची मुलगी, त्यांना सहा वर्षांची मुलगी आहे. ताईंना स्वतःला बारा वर्षांचा मुलगा.

घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. डोळ्यात चिप बसवलेल्या युरोपातल्या एक आजी पुस्तक वाचताहेत. मागोमाग एक मध्यस्थ भेटला. म्हणाला, "परदेशात नेऊन हीच चिप बसवून आणतो. ६५ लाख खर्च, आत्ता १० लाख भरून नंबर लावा." आई तिच्या नावावरची दोन एकर द्राक्षबाग विकायला निघाली आहे. भाऊ हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. ताई लिहितात, "उशीर केला आणि उरलेली नजरही गेली, तर मग चिपसुद्धा बसणार नाही, ही भीती वाटते. बाग विकावी का? की याहून चांगली चिप यायची वाट बघावी?"

ताई, आधी एवढंच करा: ते १० लाख भरू नका. नंबर जाईल म्हणून घाई करण्यासारखं यात काही नाही. तुमच्या भीतीची दिशाच उलटी आहे. आजवर आरपीसाठी ज्या चिपा मंजूर झाल्या, त्या नजर जवळजवळ पूर्ण गेलेल्यांसाठी होत्या. तुमचा भाऊ त्यांच्या अटीत बसला नसता, कारण त्याला अजून दिसतं.

व्हिडिओ खोटा असेलच असं नाही. आजी पुस्तक वाचताहेत म्हणजे ती बहुधा 'प्रिमा' नावाची चिप असावी. तिची मोठी चाचणी फ्रान्स, जर्मनी, इटली, नेदरलँड्स आणि ब्रिटन या पाच देशांत झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. पण त्या आजींचा आजार आरपी नाही. त्यांना उतारवयात मॅक्युला, म्हणजे डोळ्यामागच्या पडद्याचा मधला भाग, झिजण्याचा आजार आहे, एएमडी म्हणतात तो, त्यातलाही कोरडा प्रकार.

दोन आजारांतला फरक भाकरीवरून सांगते. डोळ्यामागचा पडदा भाकरीसारखा धरा. एएमडीत भाकरी मधोमध करपते, कडा चांगल्या राहतात. आजींना समोरच्याचा चेहरा दिसत नाही, अक्षर दिसत नाही, पण घरात न अडखळता चालता येतं. आरपीत भाकरी कडेने करपत आत येते आणि शेवटपर्यंत मधला घास उरतो. तुमचा भाऊ आज जे काही वाचतो, ते त्या मधल्या घासावर. प्रिमा पडद्याच्या बरोबर मध्यभागी, पडद्याखाली सरकवतात. आजींच्या डोळ्यात ती मेलेल्या जागेवर बसली. भावाच्या डोळ्यात ती त्याच्या एकमेव जिवंत जागेवर बसेल. ६/२४ नजर असलेल्या माणसाच्या मॅक्युलाखाली असं काही सरकवायला कुठलाही शहाणा सर्जन तयार होणार नाही, आणि जो होईल त्याच्यापासून लांब राहा.

चिप नेमकं काय करते हे समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. आपल्या पडद्यात प्रकाश पकडणाऱ्या पेशींचा एक थर असतो. तो संदेश पुढच्या पेशींकडे देतो, त्या आणखी पुढे, आणि शेवटी दृष्टिचेतेतून, म्हणजे डोळ्याच्या नसेतून, तो मेंदूकडे जातो. आरपीत आणि एएमडीत मरतो तो पहिला थर. पुढचे थर बरीच वर्षं जिवंत राहतात. चिप फक्त मेलेल्या थराची जागा घेते: प्रकाश पडला की वीज तयार करायची आणि पुढच्या पेशीला टोचायची. म्हणूनच काचबिंदूने दृष्टिचेता गेलेल्याला, पडदा पूर्ण सुटून खराब झालेल्याला किंवा जन्मापासून काहीच न पाहिलेल्याला या प्रकारच्या चिपचा उपयोग नाही. पुढची वायरच तुटलेली असेल तर बटण बदलून दिवा लागत नाही.

मग साध्या उजेडावर चालणारी चिप का नाही? तोही प्रयोग झालाय. २००० साली अमेरिकेत शिकागोच्या चाउ बंधूंनी २ मिलिमीटर व्यासाची, सुमारे ५,००० सूक्ष्म प्रकाशपेशींची चिप माणसांच्या डोळ्यांत बसवली. तिला बॅटरी नव्हती, कॅमेरा नव्हता, डोळ्यात येणारा उजेड हीच शक्ती. कल्पना देखणी होती, पण खोलीतल्या उजेडातून तयार होणारी वीज पेशी जागी करायला फारच अपुरी पडली. काही जणांना थोडं बरं दिसलं, त्याचं श्रेय चिपच्या चित्राला नाही, आजूबाजूच्या पेशींना विजेच्या स्पर्शाने मिळालेल्या टवटवीला दिलं गेलं.

प्रिमाने हा धडा घेतला. चिप २ बाय २ मिलिमीटरची, ३० मायक्रॉन जाडीची, म्हणजे केसाच्या निम्म्याहूनही पातळ, आणि तिच्यात ३७८ चौकटी. वायर नाही, बॅटरी नाही. पण चष्मा लागतो. चष्म्यातला कॅमेरा समोरचं चित्र घेतो, खिशात मावणारं यंत्र ते सोपं आणि ठसठशीत करतं, आणि चष्मा ते ८८० नॅनोमीटरच्या अवरक्त किरणांनी चिपवर फेकतो. हे किरण नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून कडेच्या चांगल्या नजरेत ढवळाढवळ होत नाही. वीज पुरेल इतका झोत तीव्र ठेवता येतो. चष्मा काढला की चिप गप्प.

आकडे बघू. चाचणीत ३८ जणांना चिप बसवली. वर्षभराने तपासता आले ३२ जण, त्यातल्या २६ जणांची नजर तक्त्यावर किमान दहा अक्षरांनी सुधारली. सरासरी सुधारणा २५ अक्षरांच्या आसपास, म्हणजे तक्त्याच्या पाच ओळी. हे मोठं यश आहे, कारण मेलेल्या मॅक्युलावर वाचन परत येणं आजवर घडलंच नव्हतं. पण त्याच चाचणीत १९ जणांना मिळून २६ गंभीर त्रास झाले: डोळ्याचा दाब वाढणं, पडद्याला छिद्र पडणं, पडद्याखाली रक्त येणं. बहुतेक पहिल्या दोन महिन्यांत झाले आणि आटोक्यात आले. सहभागींची सरासरी वयं ऐंशीच्या जवळ, आणि तक्त्यावर त्यांची नजर आपल्या भाषेत ६/९६ किंवा त्याहून खाली. गमावण्यासारखं त्या डोळ्याच्या मध्यभागी फारसं नव्हतं, म्हणून जोखीम परवडली.

आणि "दिसतं" म्हणजे काय दिसतं? रंग नाहीत. काळ्यावर उजळ ठिपके. चित्राचा आकार साधारण सात अंश: हात लांब करून चार बोटं जोडून धरा, तेवढी खिडकी. ३७८ चौकटी म्हणजे जेमतेम वीस बाय वीसची जाळी. त्यात झूम करून एकावेळी एखाद-दुसरं अक्षर बसतं आणि ते जोडत शब्द वाचायचा. चाचण्या रोमन अक्षरांवर झाल्या. आपली देवनागरी या जाळीत जास्त दाटीवाटीची होणार: वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. 'H' ओळखणं आणि 'ष्ट्री' ओळखणं ही एका मापाची कामं नव्हेत. शस्त्रक्रियेनंतर महिनाभराने चष्मा सुरू करतात आणि पुढे कित्येक महिने शिकवणी चालते. ज्यांनी मन लावून सराव केला त्यांना फळ मिळालं. चिप बसवून चौथ्या दिवशी विमानाने परत यायचं, असा हा मामला नाही.

आता आरपीसाठी ज्या चिपा खरंच आल्या त्यांच्याकडे वळू, कारण मध्यस्थाला कुणी गाठलं तर तो "मग दुसरी बसवू" म्हणेल. दोन महत्त्वाच्या. पहिली अमेरिकेतली आर्गस-२. चष्म्यावर कॅमेरा, पडद्यावर ६० तारांची जाळी. युरोपात २०११ मध्ये, अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता. किंमत सुमारे दीड लाख डॉलर, शस्त्रक्रिया वेगळी. कॅमेरा चष्म्यावर असल्याने डोळा फिरवून उपयोग नाही, दार शोधायला अख्खं डोकं फिरवावं लागे. दुसरी जर्मनीतल्या रॉयटलिंगनची अल्फा. तिच्यात सुमारे १,५०० प्रकाशपेशी डोळ्याच्या आतच होत्या, त्यामुळे नजर फिरवली की चित्र फिरे. ही खरी प्रकाशावर चालणारी चिप, पण वीज बाहेरून लागे. त्यासाठी डोळ्यातून निघालेली वायर कातडीखालून कानामागे नेलेली. युरोपात मान्यता २०१३ मध्ये.

दोन्हींवर मोजलेली सर्वांत चांगली नजर बघा. आर्गसवर २०/१२६०, अल्फावर २०/५४६. आपल्या कायद्यात ३/६०, म्हणजे २०/४००, याच्या खालची नजर अंधत्वात धरतात. म्हणजे जगात ज्याला या चिपांनी सगळ्यात छान दिसलं, तोसुद्धा आपल्याकडच्या दाखल्यावर अंधच राहिला असता. दाराची चौकट, टेबलावरची पांढरी बशी, समोर कुणीतरी हललं, एवढं कळे. ज्याला उजेडही कळत नव्हता त्याच्यासाठी ते अमोल होतं. तुमच्या भावाची आजची नजर याच्या कितीतरी पुढे आहे.

आणि मग कंपन्यांचं काय झालं? आर्गस जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांच्या डोळ्यांत बसली. २०१९ मध्ये कंपनीने तिचं उत्पादन थांबवलं, २०२० मध्ये कंपनीच बुडता बुडता राहिली. लोकांच्या डोळ्यांत यंत्र तसंच, आणि चष्मा बिघडला तर दुरुस्त करायला कुणी नाही. अल्फाच्या कंपनीने २०१९ मध्येच गाशा गुंडाळला. प्रिमा बनवणारी पॅरिसची कंपनीही पैशाअभावी बंद पडायला आली, तेव्हा २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या कंपनीने ते काम विकत घेतलं. द्राक्षावर औषध मारायचा पंप घेतानासुद्धा आपण आधी विचारतो की वॉशर तासगावात मिळेल का. डोळ्यातल्या यंत्राबाबत तोच प्रश्न विचारताना संकोच कशाला?

मध्यस्थाकडे परत येते. त्याला चार गोष्टी लेखी मागा. कुठल्या आजारासाठी आणि किती नजर उरलेल्यांसाठी हे उपकरण मंजूर आहे? प्रयोग असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक काय? सर्जनचं आणि रुग्णालयाचं नाव काय? यंत्र बिघडलं, कंपनी बुडली किंवा पुढे एमआरआय करायची वेळ आली तर जबाबदारी कुणाची? भारतात होणाऱ्या प्रत्येक औषध-उपकरण चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर करावी लागते, ती कुणालाही बघता येते. आणि खऱ्या चाचणीत प्रायोगिक उपकरणाचे पैसे रुग्णाकडून उकळत नाहीत. जो "प्रयोगात नंबर लावतो" म्हणून १० लाख मागतो, त्याने पहिल्याच वाक्यात स्वतःबद्दल सांगून टाकलंय.

हाच मध्यस्थ पुढच्या वेळी 'स्टेम सेल' घेऊन येईल. तयारीत राहा. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन बायकांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापली. फ्लोरिडातल्या एका दवाखान्यात पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या आणि तिघींची नजर गेली. त्यांनी त्यासाठी पैसे भरले होते. दोन्ही डोळ्यांवर एकाच दिवशी प्रयोग, आणि तोही पैसे घेऊन, हे दोन शब्द ऐकू आले की उठायचं.

आता जे खरंच करण्यासारखं आहे त्याबद्दल. तुमच्या पत्रात शेवटची सविस्तर तपासणी कधी झाली ते नाही, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात खटकली. आरपीवर औषध नाही असं एकदा ऐकलं की घरं डोळ्यांच्या दवाखान्याची पायरी चढायचं सोडून देतात. पण आरपीसोबत येणाऱ्या दोन गोष्टींवर उपाय आहे. एक, मोतीबिंदू. आरपीत तो तरुणपणीच, भिंगाच्या मागच्या बाजूला येतो आणि नेमकी मधली नजर धूसर करतो. दोन, मॅक्युलाला सूज. ती ओसीटी नावाच्या पाच मिनिटांच्या, न टोचणाऱ्या तपासणीत दिसते, आणि काचबिंदूसाठी वापरतात त्यातल्याच काही थेंबांनी किंवा गोळ्यांनी बऱ्याच जणांत कमी होते. भावाचा डावा डोळा ६/६० आणि उजवा ६/२४ आहे. आरपी बहुधा दोन्ही डोळ्यांत सारखा चालतो. मग हा फरक कशाचा, हे पडद्याच्या डॉक्टरांना थेट विचारा. उत्तर मोतीबिंदू किंवा सूज असं निघालं, तर ६५ लाखांच्या चिपने मिळालं नसतं एवढं एका साध्या उपचाराने परत मिळू शकतं. एक मात्र: व्हिटॅमिन ए च्या मोठ्या मात्रा कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका. काही जनुकीय प्रकारांत त्या घातक ठरतात.

प्रकारावरून आठवलं, जनुक तपासणी. ही तुमच्या घरात टाळण्यासारखी नाही. जगभरात आरपी साधारण चार हजारांत एकाला होतो असं धरतात. नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत झालेल्या मोठ्या नेत्र-अभ्यासात ते प्रमाण साधारण साडेसातशेत एक निघालं. नात्यातली लग्नं हे अशा आजारांचं एक ओळखीचं कारण आहे.

तुमच्या घराचं गणित मांडून दाखवते. आजार अप्रभावी प्रकारचा असेल, म्हणजे जनुकाची बिघडलेली एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आल्यावरच होणारा, तर तुमची आई वाहक आहे, म्हणजे तिच्याकडे बिघडलेली प्रत आहे पण आजार नाही. मामाकडे तीच प्रत असण्याची शक्यता निम्मी, मामाच्या मुलीकडे म्हणजे भावजयीकडे पाव, आणि ती वाहक असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी. गुणाकार आठात एक. तुम्हाला स्वतःला आजार नसला तरी तुम्ही वाहक असण्याची शक्यता तिनात दोन, पण तुमचे यजमान नात्यातले नसतील तर तुमच्या मुलाला धोका फार कमी. आता दुसरी शक्यता: आजार एक्स गुणसूत्रावरचा असेल तर चित्र पालटतं. मग तो भावाला आईकडूनच आला, त्याची मुलगी नक्की वाहक, तुम्ही वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि तुमच्या मुलाला आजाराची शक्यता चारात एक. म्हणून आईला शांतपणे विचारा: तिच्या माहेरी कुणी पुरुष रातांधळा होता का? तिचा एखादा मामा, मावशीचा मुलगा? तुमचा मुलगा सिनेमागृहात अंधारात चाचपडतो का, संध्याकाळी क्रिकेटचा चेंडू हरवतो का, हेही बघा. दोन्ही मुलांची पडद्याची तपासणी एकदा करून घ्या. भावाच्या ऐकण्याचीही तपासणी करा, कारण आरपीच्या एका प्रकारात ऐकणंही कमी होत जातं.

रक्त भावाचं आधी द्यायचं, मग गरजेप्रमाणे बाकीच्यांचं. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद, या संस्थांत जनुक सल्ल्याची सोय आहे. सांगलीहून हैदराबाद एका रात्रीचा प्रवास. या अहवालाचा आणखी एक उपयोग: उपचारांचं पुढचं पाऊल जनुकावर अवलंबून आहे. आरपीई-६५ या एका जनुकातल्या बिघाडावर अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये जनुकोपचार मंजूर झाला. तो फार थोड्यांना लागू पडतो आणि भयंकर महाग आहे, पण "कुठलं जनुक" हे माहीत नसेल तर पुढच्या कुठल्याच चाचणीचं दार वाजवता येत नाही. उलट डोळ्यात आधीच कुणी काही प्रायोगिक घालून ठेवलं असेल, तर पुढच्या चाचण्यांतून बहुधा वगळतात. "आणखी चांगली चिप येईल का" याचं माझं उत्तर: येईल, चौकटी आणखी बारीक करायचं काम चालूच आहे. शिवाय चिपेऐवजी पुढच्या थरातल्या पेशींनाच प्रकाश समजायला शिकवण्याचा मार्गही आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, आरपीने नजर गेलेल्या फ्रान्समधल्या ५८ वर्षांच्या माणसाला अशा उपचारानंतर खास चष्मा लावून टेबलावरच्या वस्तू सापडू लागल्या. भाऊ ३६ चा आहे. वाट बघायला त्याच्याकडे वेळ आहे, आणि वाट बघणं म्हणजे काही न करणं नव्हे. वर्षातून एकदा फील्ड टेस्ट, म्हणजे दृष्टिक्षेत्र मोजणारी तपासणी, आणि ओसीटी, दोन्हीचे कागद एका फायलीत तारखेनिशी, ही वाट बघायची रीत.

मोटरसायकलबद्दल मात्र मी हळुवारपणे काही सांगणार नाही. १० अंशांच्या आत दृष्टिक्षेत्र म्हणजे रस्त्याच्या कडेने धावत आलेलं पोर त्याला ते चाकाखाली येईपर्यंत दिसणार नाही. चावी आजच काढून घ्या. त्याला राग येईल, येऊ द्या.

ऑफिसात लपवण्यामागे नोकरी जायची भीती असणार. ती बऱ्याच अंशी निराधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, कलम २० चं चौथं उपकलम सांगतं: सरकारी आस्थापनेला नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा हुद्दा कमी करता येत नाही. काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, तशी जागा नसेल तर अधिसंख्य, म्हणजे जादा, पद निर्माण करायचं. पण हे संरक्षण मागायला दाखला हवा. आणि इथे बरेच लोक चुकतात. कायद्यानुसार चांगल्या डोळ्याचं दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर ते अंधत्व, मग तो माणूस छापील वर्तमानपत्र वाचत असला तरी. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डापुढे जाल तेव्हा तिथे घाईत नुसता तक्ता वाचायला सांगून ६/२४ लिहून मोकळे होतील. म्हणून फील्ड टेस्टचा ताजा अहवाल, दोन्ही डोळ्यांचा, हातात ठेवा आणि समोर ठेवा. दाखल्यावर जुन्या करपद्धतीत आयकरातही वजावट मिळते: ७५ हजार, आणि अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजार.

काम करायला लागणारी साधनं बहुतेक फुकट आहेत. संगणकावर एनव्हीडीए नावाचा वाचक मोफत मिळतो, तो मराठी वाचतो. अडचण एकच: ऑफिसातल्या जुन्या फायली श्रीलिपीसारख्या फॉन्टात असतील तर तो त्यांचा काला करतो, मजकूर युनिकोडमध्येच हवा. स्क्रीन काळी आणि अक्षरं पांढरी करून ठेवा. अक्षरं मोठी करायचा मोह टाळा. आजीला भिंग उपयोगी पडतं, कारण तिच्या कडा शाबूत आहेत. बोगद्यातून बघणाऱ्याला अक्षर जितकं मोठं, तितकी कमी अक्षरं त्या भोकात मावतात आणि वाचन आणखी मंदावतं. घरात जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी, स्टीलच्या ताटात दही-भात नको, गडद रंगाच्या ताटात. चौरंग, पाट, बादली वाटेत ठेवायची नाही. उन्हात जाताना पिवळसर-नारिंगी काचांचा चष्मा आणि टोपी.

पांढरी काठी. हा शब्द घरात काढायचा कसा, याची तुम्हाला धास्ती असेल. आधी फक्त संध्याकाळसाठी, घडी करून पिशवीत मावणारी घ्या आणि ती वापरायची शिकवणी शिकवणाऱ्याकडूनच घ्या. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातलं एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र आणि राष्ट्रीय अंध संघ, म्हणजे नॅब, यांच्याकडे चौकशी करा, जवळचं केंद्र कुठलं ते सांगतील.

राहिला भाऊ. अख्ख्या पत्रात त्याचं एकही वाक्य नाही. घर बाग विकायला निघालंय आणि ज्याच्या डोळ्यासाठी, तो गप्प. कदाचित त्याला कधीच कळलंय की ही चिप त्याच्यासाठी नाही, पण आईची आशा मोडायचं पाप त्याला डोक्यावर नकोय. कदाचित बाग गेली आणि उपयोग झाला नाही तर जन्मभर ते ओझं वाहायची भीती असेल. त्याला "चिप बसवायची का" असं विचारू नका. "दिवसभरात सगळ्यात जास्त कशाने अडतोस?" असं विचारा. उत्तर बहुधा चिपेपेक्षा बरंच छोटं असेल: बसस्टँडवरची पाटी, जेवणाच्या सुट्टीत भरलेलं कँटीन, रात्रीची लघवीची वाट, साहेबाने पुढे केलेला हात न दिसणं. यातल्या प्रत्येकाला काही ना काही करता येतं.

आईला बाग विकू नको म्हणून सांगाल तेव्हा "काही उपयोग नाही" असं म्हणू नका. तिला काहीतरी करायचंय, ते तिच्या हातून काढून घेऊ नका. पहिल्या फेरीचा खर्च तिच्या एका हंगामाच्या पैशातून होऊ द्या: पडद्याच्या डॉक्टरांकडे ओसीटी आणि फील्ड टेस्ट, मग दोन्ही नातवंडांची तपासणी, मग हैदराबाद किंवा चेन्नईला जनुक सल्ला. तिथे आईलाही सोबत न्या. माहेरच्या तीन पिढ्यांचा तक्ता काढायला बसतील तेव्हा नावं तिलाच आठवतील.